पानशेत: पोत्यांच्या रात्रीआधीचे तीन आठवडे

१२ जुलै जवळ आली की पुण्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर १९६१ च्या पानशेत पुराचे तेच काळेपांढरे फोटो फिरायला लागतात. पाण्याखाली गेलेले पूल, पडलेले वाडे, चिखलात बसून भांडी शोधणारी माणसं. आणि खाली कुणीतरी हमखास लिहितं की त्या वर्षी पाऊसच असा झाला की धरणाचं काही चाललं नाही. हे वाचलं की माझा जीव तुटतो, अगदी खरं सांगतो, कारण पाऊस खूप झाला होता हे खरंच आहे पण पानशेत पावसाने फुटलं नाही. ते फुटलं कारण काम पूर्ण व्हायच्या आधी त्यात पाणी अडवलं गेलं आणि अडवलेलं पाणी नीट सोडता येईल अशी सोय तयार नव्हती. एवढं एकच वाक्य मला गेली कित्येक वर्षं लोकांना सांगायचंय आणि ते एका वाक्यात सांगून कुणाला पटत नाही म्हणून आज सविस्तर लिहितोय.

माझी आजी तेव्हा शनिवार पेठेत राहायची. घर गेलं, मग काही दिवस नातेवाइकांकडे, मग गोखलेनगरला. पुराच्या गोष्टी ती फार सांगायची नाही पण मी सिव्हिल इंजिनिअरिंगला गेल्यावर तिने मला एकदा साधं विचारलं होतं, "एवढं पाणी चढत होतं तर सोडून का नाही दिलं रे त्यांनी आधीच?" घरातले बाकीचे म्हणाले अगं तसं नसतं, पण प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. मी नंतर काही वर्षं मातीच्या छोट्या धरणांवर साइटला होतो, पाझर तलाव आणि लघु पाटबंधारे, आणि तिथे काम करताना मला कळलं की पानशेतचा सगळा विषय त्या प्रश्नातच आहे.

आधी मातीचं धरण म्हणजे काय ते थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मधे चिकण काळ्या मातीचा गाभा असतो, त्याला साइटवर सगळे हार्टिंगच म्हणतात, पाणी अडवायचं काम त्याचं. त्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाचं केसिंग, ते वजन देतं, आणि पाण्याच्या बाजूला लाटांनी माती धुपू नये म्हणून दगडाचं पिचिंग. असं धरण चांगलं बांधलं तर पिढ्यानपिढ्या टिकतं पण त्याला एक गोष्ट अजिबात चालत नाही, ती म्हणजे माथ्यावरून पाणी जाणं. दगडी धरणावरून पाणी गेलं तर ते काही काळ तग धरतं, मातीचं धरण धुऊन निघतं. म्हणून जास्तीचं पाणी जायला बाजूला सांडवा ठेवतात, आणि तळाशी विमोचक, म्हणजे धरणाच्या पोटातून आरपार जाणारा एक बोगद्यासारखा मार्ग, त्याला गेट, गेट वरखाली करायला होईस्ट. पाणी सांडव्याच्या पातळीपर्यंत पोचायच्या आधी ते कमी करायचं असेल तर तुमच्या हातात फक्त हा विमोचकच असतो.

आणि मातीच्या धरणाची खरी परीक्षा असते पहिली भरणी. उन्हाळ्यात घळभरणी होते, म्हणजे नदीच्या पात्रात भरावाला जी मोकळी जागा ठेवलेली असते ती बुजवतात, आणि पहिल्या पावसाळ्यात पाणी अडतं. तोपर्यंत भराव कोरडा असतो, त्याने पाण्याचा दाब कधी पाहिलेलाच नसतो. पाणी चढायला लागलं की तो भिजतो, बसतो, कुठे थोडा जास्त बसतो कुठे कमी, पाणी आतून झिरपत पायथ्याशी येतं. हे सगळं सावकाश व्हायला पाहिजे. थोडं भरायचं, थांबायचं, बघायचं. पायथ्याच्या चरातून येणारं पाणी नितळ आहे का गढूळ हे रोज बघायचं, नितळ असेल तर ठीक, गढूळ आलं म्हणजे ते आतली माती घेऊन येतंय आणि मग झोप उडाली पाहिजे. आमच्या साइटवरचे एक जुने मुकादम रोज सकाळी ते पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उन्हात धरून बघायचे, त्यांच्याकडून मी जेवढं शिकलो तेवढं वर्गात शिकलो नाही.

आता पानशेत. आंबी नदीवरचं मातीचं धरण, ५० मीटरच्या आसपास उंच, १९६१ च्या उन्हाळ्यात काम शेवटच्या टप्प्यात होतं. शेवटच्या टप्प्यात म्हणजे अपूर्ण. विमोचकाचं काम झालेलं नव्हतं, गेट पूर्ण बसलेली नव्हती आणि ती उचलणारी होईस्टची यंत्रणा चालू नव्हती. विमोचकाचा मार्गही आतून खडबडीत, पूर्ण न झालेला. पानशेतवर लिहिणारे बहुतेक जण असंही सांगतात की त्या काळात पोलादाची टंचाई होती म्हणून या कंड्युटला, म्हणजे विमोचकाच्या या बोगद्याला, आरसीसी न करता सळईशिवायचं काँक्रीट वापरलं गेलं. अशा अवस्थेत जून आला.

१८ जून ते १२ जुलै या काळात तिथे १७७८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेलाय. सह्याद्रीच्या माथ्याजवळ हा आकडा प्रचंड असला तरी जगावेगळा नाही, त्या भागात पाऊस असाच कोसळतो आणि हे पाटबंधारे खात्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पाणी सुरुवातीला दिवसाला ९ मीटरने चढलं. नऊ मीटर! म्हणजे तीन मजली इमारतीएवढं एका दिवसात. बारा दिवसांत २४ मीटर. ज्या भरावाला सावकाश भिजवायचं असतं, थांबून थांबून बघायचं असतं, त्याच्यावर हे असं पाणी आलं आणि ते थांबवायचा एकमेव मार्ग अर्धवट होता. आजीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. सोडून का नाही दिलं, तर सोडायचं दारच नीट तयार नव्हतं.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो, कारण तिथे निसर्गाचा काही संबंधच नाही, ते निव्वळ आपल्या हातचं काम. गेट अर्धवट उघडी असली आणि वर पाण्याचा एवढा दाब असला की कंड्युटमधून पाणी एकसारखं वाहत नाही. मधेच पूर्ण भरून दाबाने जातं, मधेच मोकळं वाहतं, हवा आत खेचली जाते, परत भरतं. पाणी गेलेलं असताना नळ उघडा राहिला आणि मग पाणी आलं की कसा तो फुसफुसतो, थडथडतो, आख्खा पाइप हादरतो, तसं, फक्त इथे तो पाइप धरणाच्या पोटात होता आणि त्याच्या डोक्यावर लाखो टन माती. या धक्क्यांनी कंड्युट हादरत राहिला. त्याच्या भोवतालची आणि वरची माती आतून सैल होत गेली. आणि मग ११ जुलैला बरोबर त्या कंड्युटच्या वरच धरणाच्या माथ्याला आडव्या भेगा पडल्या आणि मधला साधारण ९ मीटर रुंदीचा पट्टा खाली बसायला लागला. एका टप्प्यावर तर अडीच तासांत १.४ मीटर बसला. धरणाचा माथा! साइटवर माथा दोन बोटं जरी बसला तरी आम्ही वरच्या साहेबांना फोन लावायचो.

म्हणजे बघा, पाणी वाढत वाढत धरणाच्या माथ्यावर पोचलं असं झालेलं नाही. धरण खचत खचत पाण्यापर्यंत आलं. हा फरक समजला की "पाऊसच एवढा झाला" हे वाक्य तुम्ही परत म्हणू शकणार नाही.

त्या रात्री लष्कराचे जवान पानशेतला पोचले आणि भर पावसात, अंधारात, खचत चाललेल्या माथ्यावर उभं राहून वाळूची पोती रचत राहिले. पायाखालचा भराव बसतोय हे दिसत असताना तिथे उभं राहणं म्हणजे काय हे ज्याने भरावावर काम केलंय त्याला विचारा. ती पोती पडली नसती तर धरण मध्यरात्रीच्या सुमारास गेलं असतं आणि पाणी झोपलेल्या पुण्यात शिरलं असतं. जवानांनी पुण्याला काही तास मिळवून दिले आणि त्या काही तासांनी किती हजार जीव वाचवले याची मोजदाद होऊच शकत नाही. त्यांच्याबद्दल जेवढं बोलावं तेवढं कमीच आहे. फक्त मला वाटतं की आपण त्या एका रात्रीवर एवढं बोलतो, एवढं लिहितो, की त्याच्या आधीचे तीन आठवडे कुणाच्या लक्षातच राहत नाहीत, आणि जे काही करता येण्यासारखं होतं ते सगळं त्या तीन आठवड्यांत आणि त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात होतं. रात्री पोती टाकायची वेळ आली तेव्हा अभियांत्रिकीचं काम संपलेलं होतं.

१२ जुलै १९६१, बुधवार, सकाळी सातच्या सुमारास पानशेत फुटलं. सगळं पाणी खाली खडकवासल्यात.

खडकवासला ब्रिटिशांच्या काळातलं, दगडी, पक्क्या खडकावर बांधलेलं, लांबी जवळजवळ दीड किलोमीटर. ते आधीच भरलेलं होतं आणि दारं जवळपास पूर्ण क्षमतेने वाहत होती. त्यावर हे आलं. आख्ख्या दीड किलोमीटर लांबीवरून २.७ मीटर उंचीचं पाणी धरणावरून वाहायला लागलं आणि धरण हादरतंय असं तिथल्या लोकांना जाणवत होतं. एकोणिसाव्या शतकातल्या त्या भिंतीने ज्याची कल्पनाही करून ती बांधली नव्हती असा मारा सुमारे चार तास सोसला आणि मग तीही फुटली. खडकवासल्याची यात काहीही चूक नव्हती, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण पुष्कळ जण "दोन धरणं फुटली" असं एका दमात म्हणतात. एक फुटलं, दुसरं फोडलं गेलं.

शहरातलं मी फार लिहीत नाही, ते तुम्ही घराघरांत ऐकलंय. पुलाची वाडी, नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार, डेक्कनचा नदीकडचा भाग. मातीचे आणि विटांचे वाडे, पाणी काही तास उभं राहिल्यावर खालून विरघळून बसले. जुन्या काही वाड्यांच्या भिंतींवर पाण्याची रेघ आखून ठेवलेली होती, त्यातले वाडेही आता पडून तिथे अपार्टमेंट झालीत. खडकवासला गेल्यामुळे शहराचं प्यायचं पाणीच गेलं आणि पेठांमधल्या विहिरी परत उपसाव्या लागल्या. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी पुनर्वसनाची जबाबदारी सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांच्याकडे दिली. गोखलेनगर, लोकमान्यनगर, दत्तवाडी, पर्वतीच्या बाजूचा भाग, आजच्या पुण्याचा एवढा मोठा तुकडा त्या पुरातून उभा राहिलाय. मृतांचा आकडा सरकारी वेगळा आणि लोकांच्या तोंडी वेगळा, हजारापर्यंतचे अंदाज आहेत. आणि पूरग्रस्त सोसायट्यांच्या जागेच्या मालकीचं प्रकरण कित्येक दशकं लोंबकळत राहिलं, माझ्या आजीने ते हयातभर ऐकलं.

चौकशी झाली. न्यायमूर्ती बावडेकर यांचा आयोग नेमला गेला, काम चालू असतानाच त्यांचं निधन झालं, मग न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगाने ते पूर्ण केलं. पण चौकशीत काय निघालं हे पुण्यात रस्त्यावर दहा माणसांना विचारा, एकालाही सांगता यायचं नाही. जवानांची गोष्ट सगळ्यांना माहीत, विमोचकाची गोष्ट कुणालाच नाही. याचा मला राग येतो.

बरं हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. पानशेतनंतर पंधरा वर्षांनी, ५ जून १९७६ ला अमेरिकेत आयडाहो राज्यात टीटन नावाचं मातीचं धरण फुटलं. तेही पहिल्याच भरणीत. बांधणारी त्यांची ब्युरो ऑफ रेक्लमेशन, म्हणजे जगभरात धरणं शिकवणारी संस्था. तिथे नियम होता की पाणी दिवसाला एक फुटापेक्षा जास्त चढू द्यायचं नाही. बर्फ वितळून पाणी जोरात आलं, मुख्य आउटलेटचं काम अजून संपलेलं नव्हतं, त्यामुळे पाणी किती वेगाने चढू द्यायचं यावर ताबाच राहिला नाही आणि ते नियमाच्या तिप्पट वेगाने चढलं. वाचताना अंगावर काटा येतो, इतकं ते सारखं आहे. टीटन फुटण्याचं मूळ कारण वेगळं होतं, तिथल्या भेगाळ खडकातून पाणी भरावाच्या गाभ्याखाली शिरलं आणि माती आतून वाहून गेली, पण दार तयार नसताना पहिली भरणी करणं हे दोन्हीकडे होतं. आणि एक मोठा फरक. टीटनला सकाळी गढूळ पाणी दिसलं, बुलडोझर लावून भोक बुजवायचा प्रयत्न झाला, बुलडोझर गिळले गेले, पण त्याच वेळी खालच्या गावांना उठून जा असं सांगितलं गेलं. गावंच्या गावं वाहून गेली, माणसं मात्र गेली ११. इकडे ११ जुलैच्या रात्री पानशेतच्या माथ्यावर पोती पडत होती आणि नदीकाठच्या पेठांमधली बहुतेक घरं सकाळी नेहमीसारखी उठून दूध तापवत होती. पाणी बघायला लोक पुलांवर गेले होते. बघायला!

त्याचा आपण धडा घेतला का? २ जुलै २०१९ ला रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी झोपायच्या बेतात असताना. वीसच्या वर माणसं गेली. गावातले लोक आधीपासून गळती होतेय म्हणून सांगत होते, म्हणजे धरणाने आपलं दुखणं सांगितलं होतं आणि गावाने ते वर पोचवलंही होतं. फुटल्यानंतर तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले की खेकड्यांनी धरण पोखरलं. मातीच्या बांधाला खेकडे, उंदीर, झाडांची मुळं यांचा त्रास असतो हे मला माहीत आहे, मी बांधावर फिरून बिळं बुजवून घेतलीयत, पण बांधाची देखभाल म्हणतात ती नेमकी हीच, आणि ती करायला माणसं नेमलेली असतात. १९६१ ला पाऊस, २०१९ ला खेकडे. ज्यांचे लोक गेले त्यांना हे उत्तर देणं फार क्रूर आहे.

बदल झालेत, तेही सांगितलं पाहिजे. नाशिकला राज्याची धरण सुरक्षितता संघटना आहे, पावसाळ्याआधी आणि नंतर धरणांची तपासणी होते. २०२१ साली केंद्राचा धरण सुरक्षा कायदा आला आणि त्यात मोठ्या धरणांच्या पहिल्या भरणीचा कार्यक्रम आधी लिहून ठरवायला पाहिजे असं आहे, आपत्कालीन आराखडाही बंधनकारक आहे. पहिल्या भरणीचा उल्लेख कायद्यात वाचला तेव्हा मला खूप बरं वाटलं होतं, त्या एका कलमाची किंमत पुण्याने साठ वर्षं आधी मोजली होती. पण तो कायदा साधारण १५ मीटरवरच्या धरणांना लागतो, १० ते १५ मधल्यांना काही अटींवर, आणि गावोगावचे जे छोटे तलाव आहेत, ज्यांच्या खाली वाड्या आहेत, त्यातले कितीतरी या चौकटीच्या बाहेर राहतात. मी ज्या साइट्सवर होतो त्यातली बहुतेक बाहेरचीच. तिथे एकदा विमोचकाचं गेट यायला उशीर झाला आणि तरी घळभरणी उरकून घ्या, पावसाळा हातचा जाईल असा वरून दबाव आला. आमच्या शाखा अभियंत्यांनी लेखी नकार दिला, घळ मोकळी ठेवली, त्या वर्षी पाणी अडलं नाही, गावातले लोक आम्हाला नको नको ते बोलले आणि साहेबांची पुढे बदली झाली. त्या गावात काहीच घडलं नाही, त्यामुळे ते साहेब कुणाला माहीत नाहीत. माझ्या मनात त्यांची जागा फार वरची आहे.

आज पानशेत नव्याने बांधलेलं आहे, १०.६५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठवतं. वरसगाव धरण १२.८२, टेमघर धरण ३.७१ आणि या सगळ्यांच्या खाली खडकवासला, फक्त १.९७. हे आकडे पुणेकर पावसाळ्यात पेपरात रोज वाचतो पण टक्के किती झाले, पाणीकपात टळली का एवढंच बघतो. वरचं एवढं पाणी आणि खाली एवढीशी जागा, मग वरून सोडलं की खडकवासल्यातून नदीत सोडावंच लागतं. जुलै २०२४ मधे रात्री विसर्ग वाढवला तेव्हा सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं आणि लोकांचं म्हणणं तेच होतं, आम्हाला कुणी वेळेवर सांगितलं नाही.

एक विनंती आहे. पुराचे फोटो माझ्याकडे खूप आहेत, अजून नकोत. पण तुमच्या घरात कुणी आजोबा, काका १९६० किंवा ६१ ला पानशेतच्या कामावर असतील, ओव्हरसीअर, मुकादम, क्लार्क, ट्रकवर, मजूर म्हणून, आणि त्यांची एखादी डायरी, पत्र, साइटवरचा फोटो, किंवा नुसती त्यांनी सांगितलेली आठवण असेल, तर प्लीज मला कळवा. मला त्या जूनबद्दल ऐकायचंय. पाणी रोज किती चढतंय हे कोण मोजत होतं, गेटचं काम कुठे अडलं होतं, आणि थांबा असं कुणी म्हटलं होतं का.